चिमट्यावर बांधलेली तार

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खून हाताळले, दरोडे हाताळले, महामार्गावरचे अपघात हाताळले. त्यांत दमछाक झाली, पण असा वैताग कधी आला नाही. तिथे निदान कोणीतरी खोटं बोलायचं आणि ते पकडणं हे आमचं काम असायचं. इथे धड खोटंही कोणी बोलत नव्हतं, आणि खरं सांगायलाही कोणी तयार नव्हतं. नावं मी कोणाचीच घेणार नाही. ती सगळी माणसं अजून त्याच पट्ट्यात राहतात आणि एकमेकांना रोज भेटतात.

तेव्हा मी बोईसर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीच्या एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला समुद्राकडची बागायती गावं. ठाण्यातली सकाळ ठरलेली असायची. पाळीच्या बसमध्ये जागेवरून झालेली मारामारी, खोलीमालक आणि भाडेकरू, हरवलेला मोबाइल, आणि ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणून तासभर खुर्ची न सोडणारे पुढारी. त्या दिवशी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसला असतानाच समुद्राकडच्या एका गावातून फोन आला. वाडीत विजेची तार तुटून पडली होती आणि कामावरच्या बाईला शॉक बसला होता.

आम्ही पोचलो तोवर बाईला दवाखान्यात हलवलं होतं. मनोरकडच्या एका पाड्यावरची ही वारली बाई. भातकापणी उरकली की दर वर्षी त्याच वाडीत कामाला यायची आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच झोपडी करून राहायची. तार तिच्या अंगावर पडली नव्हती. ती कुंपणाच्या तारेवर पडली होती, आणि फाटक उघडायला म्हणून बाईने कुंपणाला हात लावला होता. वाडीच्या मालकाने सुक्या बांबूने तिचा हात सोडवला म्हणून जीव वाचला. उजवा हात मात्र चांगलाच भाजला होता.

मालकाला गावात सगळे काका म्हणत, मीही तेच म्हणतो. साठी उलटलेला, केळी आणि पानवेली करणारा, पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच माणूस. पंचनाम्याच्या वेळी तो वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून होता. मी विचारलं, “काका, काय झालं?” तो म्हणाला, “तार पडली.” हे मलाही दिसत होतं.

आता त्या लाइनबद्दल थोडं सांगायला हवं. समुद्राकाठी पोलवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो. दव पडलं की त्यावरून वीज झिरपते, ठिणग्या उडतात, लाइन बंद पडते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखानदाराने यावर उपाय काढला होता. करड्या रबरासारख्या पदार्थाचा इन्सुलेटर, कडा छत्रीसारख्या खाली उतरलेल्या, म्हणजे मीठ साचत नाही. शिवाय माथ्यावर एक चिमटा, आत मऊ गादी बसवलेला. तार त्यात दाबली की बसली. जुन्या इन्सुलेटरला तार बांधणीच्या तारेने आवळून बांधावी लागते, इथे ते कामच नाही. वीज खात्याने चाचणीसाठी एक अख्खी लाइन त्याला दिली होती. पावसाळ्याआधी हे इन्सुलेटर बसले, आणि पावसाळा सरल्यावर त्यातली एक तार काकांच्या वाडीत खाली आली.

तुटलेलं टोक आम्ही मुद्देमाल म्हणून जप्त केलं. ॲल्युमिनियमची तार होती, आणि तिच्याभोवती लोखंडी तारेचे वेढे घट्ट आवळलेले होते. त्या वेढ्यांखालीच ती तुटली होती. खात्याचा इंजिनीअर टोक पाहून म्हणाला, “ही लोखंडी तार आमची नाही साहेब. नव्या इन्सुलेटरला बांधणीची तार लागतच नाही, म्हणून स्टोअरमधून आम्ही ती देणंच बंद केलंय.” माझा हवालदार वाडीतल्या झोपडीत गेला आणि कुंपणाला वापरतात त्या लोखंडी तारेचं भेंडोळं घेऊन आला. जाडी तीच, गंजही तसाच.

ठाण्यावर परत येतो तोच खबर मिळाली. गावातला एक रिक्षावाला आमचा माणूस होता. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गावच्या सभेत काका उभा राहून इंजिनीअरवर ओरडतोय, “मंग मीच ही लाइन खाली आनीन!” पुढे लोकांचा गलका. हा तुकडा गावाच्या ग्रुपवर आधीच फिरत होता. काकांच्या वाडीत पोल उभा करण्यावरून जुना वाद होता, हेही त्याने सांगून टाकलं.

धमकी मिळाली, तार मिळाली, वाद मिळाला. कोणीही म्हणेल, झाली की केस. माझ्या वरिष्ठांनीही तेच म्हटलं.

काकांना ठाण्यात बोलावलं. मी माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. वयस्क माणसावर आवाज चढवून काही निघत नाही, हे मला ठाऊक होतं.

“ही तार तुमच्या वाडीतली आहे का?”

“माझीच हाय.”

“लाइन खाली आणीन असं म्हणालात का?”

“बोललो.”

“मग पोलवर तुम्ही चढलात का?”

“माझं वय काय, सायेब?”

“मग कोणाला चढवलं?”

काकांनी खिडकीकडे पाहिलं. “तिचा हात कसा हाय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, डॉक्टर बघतायत. पुन्हा विचारलं, कोणाला चढवलं? पुन्हा तेच, हात कसा हाय. दिवसभर असंच चाललं. मी कायद्याचं सांगितलं, कलमं सांगितली, तुरुंग सांगितला. काका म्हणाले, “तुमाला लिवायचं ते लिवा. मी सही करतो.” इतक्या वर्षांत गुन्हा नाकारणारे खूप पाहिले होते. नाकारतही नाही आणि कबूलही करत नाही, अशा माणसापुढे काय करायचं ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तो माणूस शांतपणे गार झालेला चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी कारखानदार आला. हातात पिशवी, पिशवीत इन्सुलेटर. तो त्याने माझ्या टेबलावर असा ठेवला की जणू घरातला देव आणलाय. “साहेब, हा घातपात आहे. हा म्हातारा नुसतं प्यादं आहे. यामागे जुन्या इन्सुलेटरवाल्यांचा हात आहे.” त्याने चिमटा उघडून दाखवला, मिटून दाखवला, माझ्या बॉलपेनला लावून दाखवला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. अनेक वर्षं त्याने त्या एका वस्तूत घातली होती. चाचणी फसली असती तर पुन्हा कोणी त्याला दारात उभं केलं नसतं. मला त्याची दया आली आणि रागही आला, कारण हवालदाराला पाणी आणायला सांगेपर्यंत त्याने माझं पेन मोडलं होतं.

त्या लाइनवर काम करणारा वायरमनही बोलावला. बेटेगावचा, कंत्राटावरचा, नुकतं लग्न झालेला. त्याचं उत्तर एकच, “मला काय म्हाईत नाय सायेब.” काही विचारा, तेच. इन्सुलेटर कोणी बसवले? “आमीच.” लोखंडी तार कोणी लावली? “म्हाईत नाय.” वर कधी पाहिली होती का? “म्हाईत नाय.” शेवटी मी विचारलं, तुझं नाव काय? तेवढं त्याला माहीत होतं.

एव्हाना गावात दोन तट पडले होते. एक म्हणे, काकांनी स्वतःच पाडली आणि स्वतःच बाईला सोडवायचं नाटक केलं. दुसरा म्हणे, पोलीस कारखानदाराला विकले गेले. पुढाऱ्यांचे फोन दोन्हीकडून. वरिष्ठ विचारत होते, अटक का नाही? काकांना अटक करून न्यायालयात उभं करायचे कागद माझ्या टेबलावर तयार होते. या वयात कोठडी झाली असती तर तो माणूस परत धड उभा राहिला नसता, आणि गावाने त्याला बाईचा हात जाळणारा म्हणूनच कायमचं लक्षात ठेवलं असतं.

सही करायच्या आधी मी पंचनाम्याचे फोटो शेवटचे म्हणून चाळले. एका फोटोत पुढे तुटलेलं टोक होतं आणि मागे काकांचं कुंपण. दोन्हींवर तीच लोखंडी तार. पण कुंपणावर ती कशी होती? दोन वेढे, एक पीळ, उरलेलं टोक तसंच बाहेर. शेतकरी असंच बांधतो, त्याला घाई असते. टोकावरचे वेढे मात्र एकाला एक चिकटून, मधे फुली घालून, शेवटचा फेरा आत दाबून घेतलेले.

मी काकांना पुन्हा बोलावलं. त्यांच्याच भेंडोळ्यातला एक तुकडा आणि हवालदाराची काठी त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, “काका, ही तार या काठीला बांधून दाखवा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साहेबाचं डोकं फिरलंय. मग बांधली. दोन वेढे, एक पीळ, टोक बाहेर.

त्यांना बाहेर बसवून वायरमनला आत घेतलं. त्याच्या हातात दुसरी काठी आणि तसाच तुकडा दिला. कारण सांगितलं नाही. बिचाऱ्याने विचारही केला नाही. हाताला सवय होती. वेढ्याला वेढा चिकटवत गेला, मधे फुली घातली, टोक पक्कडीऐवजी अंगठ्याने आत दाबलं. मग फोटो मी त्याच्यासमोर सरकवला.

फोटो पाहिला आणि तो एकदम रडायलाच लागला.

“सायेब, मी पाडायला नाय बांदली. पडू नये म्हनून बांदली.”

मग सगळं बाहेर आलं. आयुष्यभर तार बांधून कामं केलेल्या या लोकांना नुसत्या चिमट्यावर तार सोडवेना. वरून खाली उतरले की मान वर करून बघायचे आणि रात्री झोप यायची नाही. स्टोअर बांधणीची तार देईना. काका रोज त्याला अडवायचे, माझी बायामाणसं खाली काम करतात, चिमटा सुटला तर? सभेत त्यांनी बोललेलं पूर्ण वाक्य असं होतं: “नीट बांदून देनार नसाल तर मंग मीच ही लाइन खाली आनीन!” पुढचं अर्धं गावाने पाठ केलं, पहिलं अर्धं कोणी ऐकलंच नव्हतं. शेवटी पाऊस लागायच्या तोंडावर, देखभालीसाठी लाइन बंद असते त्या दिवशी वायरमनने काकांच्याच भेंडोळ्यातली तार घेऊन चिमट्यावरून बांधणी केली.

“पण ती लोखंडाची आहे हे कळत नव्हतं?”

“कळत व्हतं. लोखंड जास्त मजबूत ना सायेब.”

खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे मला नंतर इंजिनीअरने समजावलं. त्या क्षणी मला वेगळीच धास्ती पडली. मी विचारलं, “फक्त काकांच्या वाडीतच बांधलीस?”

त्याने मान खाली घातली. त्याच्याबरोबरच्या वायरमन लोकांनी सगळ्या लाइनवर तेच केलं होतं. प्रत्येकाने दुसऱ्याचं बघून. म्हणूनच एकही जण तोंड उघडत नव्हता.

मी लगेच इंजिनीअरला फोन लावला, लाइन बंद करा. तो म्हणाला, “साहेब, लेखी द्या.” मी म्हटलं, लेखी देईपर्यंत कोणावर तार पडली तर तुमचं नाव सगळ्यात आधी लेखी येईल. लाइन बंद झाली. लगेच पाण्याचे पंप थांबले म्हणून बागायतदार ओरडत ठाण्यावर आले. ज्यांच्या डोक्यावरची तार आम्ही काढत होतो, तेच मला शिव्या देत होते.

वायरमन एकेका पोलवर चढले आणि बांधणी सोडू लागले. खाली मी, इंजिनीअर आणि कारखानदार माना वर करून उभे. लोखंडी वेढे निघाले की खालून पांढरी भुकटी गळायची. काही पोलवर तारेचे दोनच पदर शिल्लक होते. त्यातला एक पोल अंगणवाडीच्या दारात होता.

कारखानदार वायरमनवर भडकला. “मी पत्रक दिलं होतं! बांधायची गरज नाही असं स्पष्ट लिहिलं होतं!” पत्रक इंग्रजीत होतं, ते जाऊ द्या. वायरमन वरूनच म्हणाला, “गरज नाय म्हनजे बांदली तर चांगलंच की, शेठ.” इन्सुलेटर सगळे शाबूत होते. एकही चिमटा सुटला नव्हता. जी वस्तू कोणीतरी मुद्दाम पाडेल म्हणून कारखानदार घाबरत होता, तिला कोणी हातही लावला नव्हता. नुसता तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. मला वाटलं, आता तरी हा माणूस खाली बसून चार वायरमनशी दोन शब्द बोलेल. त्याने त्या दिवशी ते केलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र तो डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेला, असं मला रिक्षावाल्याने सांगितलं.

अटकेचे कागद मी फाइलीतून काढले. कोणाचाही नुकसान करायचा हेतू नव्हता असा अहवाल न्यायालयात पाठवला, आणि चुकीच्या कामाचं काय करायचं ते विद्युत निरीक्षकावर सोडलं. काकांना मात्र मी सोडलं नाही. समोर बसवून विचारलं, “हे सगळं पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं?”

“काय सांगू? तार माझी. बांदायला मीच लावली. त्या पोराचं नाव घेतलं असतं तर त्याचं काम गेलं असतं. आनी हात तिचा जलला तो माझ्यामुलंच ना?”

“मग तिला भेटायला गेलात का?”

नाही गेले. दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले होते. त्यांना आत जायचं धाडस होत नव्हतं. मला इतका राग आला की मी त्यांना जीपमध्ये घातलं आणि थेट पालघरच्या दवाखान्यात नेलं.

बाई खाटेवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, दोन बोटं पुन्हा मिटतील असं वाटत नाही. काका खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “माझ्यामुलं झालं. मीच बांदायला सांगितली व्हती.”

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, पण भलत्याच गोष्टीचा.

“तुमी एकट्यानं कवा सांगितली? मी नाय बोलले तवा, तार लोंबते, बांदून घ्या? तो पोरगा चडला तवा शिडी कोनी धरली व्हती? मीच ना?”

काकांनी खाट धरली आणि खाली बसले. आठवडाभर माझ्यापुढे दगड होऊन बसलेला माणूस तिथे मोठ्याने रडला. बाई डाव्या हाताने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि वेलींना पाणी कोण घालतंय ते विचारत राहिली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मावशी, हवालदार तुमचा जबाब घ्यायला आला होता. त्याला हे का नाही सांगितलंत?”

ती म्हणाली, “त्यानं इचारलं, तार पाडली कोनी? मी बोलले, कोनी नाय. बांदली कोनी, ते त्यानं इचारलंच नाय.”

नवीन अधिकारी भेटायला येतात तेव्हा मी त्यांना हे प्रकरण सांगतो. ते मान डोलावतात, आणि मला माहीत असतं की ठाण्यावर परत गेल्यावर तेही हेच विचारणार आहेत, पाडली कोणी. आम्हा पोलिसांना सवयच ती. नुकसान झालं की आम्ही दुष्टपणा शोधत फिरतो, आणि काळजीपोटी माणसं काय काय करून ठेवतात ते विचारायचं कोणाला सुचत नाही. बाई बरी होऊन त्याच वाडीत परत कामाला आली. पानं ती आता डाव्या हाताने खुडते.